सव्वा सेकंद जातो कुठे? क्रेटा इलेक्ट्रिक आणि बीई ६ यांच्या पिकअपबद्दल

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही दोन गाड्यांमध्ये अडकला आहात: ह्युंदाई क्रेटा इलेक्ट्रिक, ५१.४ किलोवॅट-तास बॅटरीची, आणि महिंद्रा बीई ६, ७९ किलोवॅट-तासाची. दोन्ही तुम्ही बोरिवलीत लिंक रोडवर चालवून पाहिल्या. कंपन्यांच्या आकड्यांप्रमाणे शून्यावरून शंभरला पोचायला क्रेटाला ७.९ सेकंद लागतात आणि बीई ६ ला ६.७. तरीही तुम्हाला आणि तुमच्या मिसेसना क्रेटाच जास्त चपळ वाटली. रोजचं जाणं बीकेसीला, वर्षातून चार-पाच वेळा चिपळूण, आणि मागच्या सीटवर आई, ज्यांना गाडी लागते. मग आकडे चुकीचे की आपलंच काही चुकलं, असं तुम्ही विचारलंत.

आकडे बरोबर आहेत आणि तुम्हाला वाटलं तेही बरोबर आहे. चौदा वर्षं मी गाड्यांच्या टेस्टिंगमध्ये होतो, आता मुलुंडला स्वतःचं वर्कशॉप चालवतो. इलेक्ट्रिक गाडी बघणारे जवळजवळ सगळे शून्य-ते-शंभरपासूनच सुरुवात करतात. तो आकडा निरुपयोगी नाही, पण तो एक बेरीज आहे. बेरजेतला कुठला भाग तुमच्या वाट्याला येणार, हे बघितल्याशिवाय त्यावर गाडी ठरवू नका.

ती बेरीज आधी फोडून बघू. क्रेटाची मोटर १२६ किलोवॅटची आहे, टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, २५५ न्यूटन-मीटर, आणि ती पुढची चाकं फिरवते. बीई ६ ची मोटर २१० किलोवॅट, ३८० न्यूटन-मीटर, मागची चाकं फिरवणारी. इलेक्ट्रिक मोटर जागेवरून निघतानाच पूर्ण टॉर्क देऊ शकते आणि एका ठरावीक वेगापर्यंत तो तसाच टिकतो. एकच गिअर असलेल्या बहुतेक गाड्यांमध्ये हा टप्पा साधारण ५० ते ७० किलोमीटरच्या वेगाला संपतो. तिथून पुढे टॉर्क उतरत जातो आणि मोटर आपली जास्तीत जास्त पॉवर धरून ठेवते. म्हणजे पहिल्या टप्प्यात टॉर्क आणि टायर बोलतात, दुसऱ्या टप्प्यात किलोवॅट बोलतात.

आता ढोबळ गणित करू. माणसांसकट क्रेटा १.७ टन आणि बीई ६ २.१ टन धरा. मोटरपासून चाकापर्यंत दहा टक्के पॉवर वाटेत गेली असं धरा. ६० वरून १०० ला जायला क्रेटाला सुमारे ४२० किलोज्यूल ऊर्जा लागते आणि बीई ६ ला ५२० च्या आसपास. ही ऊर्जा चाकांवर मिळणाऱ्या पॉवरने भागली की क्रेटाचे ३.७ सेकंद येतात आणि बीई ६ चे २.७. हवेचा विरोध धरला तर दोन्ही थोडे वाढतील. पण मुद्दा असा, की १.२ सेकंदाच्या फरकातला जवळजवळ एक सेकंद ६० च्या पुढेच तयार होतो. ६० च्या खाली उरतात एक-दोन दशांश.

आणि लिंक रोडवर तुम्ही ६० च्या वर गेला असाल का? संध्याकाळी तर तिथे ४० सुद्धा नशिबाने मिळतो. म्हणजे बीई ६ ज्यासाठी जास्त पैसे मागते, तो भाग तुम्ही बघितलाच नाही. दोन्ही गाड्यांचा सारखा असलेला भाग तेवढा बघितलात.

मग क्रेटा नुसती बरोबरीची न वाटता उजवी का वाटली? याची दोन-तीन कारणं संभवतात. पहिलं म्हणजे पेडल. आजच्या गाडीत पाय आणि मोटर यांच्यामध्ये तार नसते, सॉफ्टवेअर असतं. पेडल पाव दाबलं की मोटरने पाव टॉर्क द्यायचा की अर्धा, हे त्या सॉफ्टवेअरमध्ये ठरवलेलं असतं, आणि प्रत्येक ड्राइव्ह मोडमध्ये वेगळं ठरवलेलं असतं. सुरुवातीलाच भरभर टॉर्क दिला तर गाडी उत्साही वाटते, मग शेवटी तिच्याकडे देण्यासारखं कमी का उरलेलं असेना. क्रेटामध्ये इको, नॉर्मल, स्पोर्ट आहेत. बीई ६ मध्ये रेंज, एव्हरीडे, रेस. एक गाडी स्पोर्टमध्ये आणि दुसरी रेंजमध्ये चालवली असेल तर ती तुलना दोन गाड्यांची झालीच नाही. कुठला मोड होता ते तुम्ही लिहिलेलं नाही. शोरूमच्या माणसालाही बहुधा आठवणार नाही.

दुसरं कारण आपल्या शरीराचं आहे. स्थिर वेग आपल्याला कळत नाही. एकसारखा वाढणारा वेग जाणवतो, पण पहिल्या क्षणाएवढा नाही. पाठीला जो धक्का बसतो तो पिकअप किती झपकन बदलला याचा असतो. म्हणून मऊपणे निघून पुढे जोर धरणारी गाडी हळू वाटते आणि सुरुवातीला झटका देऊन पुढे मंदावणारी गाडी जलद वाटते. टेस्टिंगमध्ये मी हे कितीतरी वेळा पाहिलं आहे. मुरलेले ड्रायव्हर छातीठोकपणे सांगायचे की ही गाडी जास्त पळते, आणि लॉगर, म्हणजे वेग-वेळ नोंदवणारं यंत्र, नेमका उलटा आकडा दाखवायचं.

तिसरं कारण रुंदी. बीई ६ १९०७ मिलिमीटर रुंद आहे, क्रेटा १७९०. रिक्षा आणि बेस्टच्या बसच्या मधून गाडी काढताना हे ११७ मिलिमीटर तुमच्या पायाला आपोआप सबुरीने घ्यायला लावतात. जिच्या कडा आपल्याला कळतात ती गाडी आपण मोकळेपणाने चालवतो, आणि त्या मोकळेपणालाच चपळ म्हणतो.

आता टायर. हा भाग जरा सविस्तर घेतो, कारण मुंबईत चार महिने हाच खरा प्रश्न असतो आणि शोरूममध्ये त्यावर कोणी बोलत नाही.

गाडी जोरात निघाली की वजन मागच्या चाकांवर सरकतं. गुरुत्वाकर्षणाच्या चार-दशांश एवढा, म्हणजे ०.४ जी, पिकअप घेतला, तर या उंचीच्या गाड्यांमध्ये एकूण वजनाचा साधारण नऊ टक्के भाग पुढून मागे जातो. पुढची चाकं ओढणारी गाडी ज्या टायरवर विसंबून आहे ते हलके होतात; मागून ढकलणाऱ्या गाडीचे टायर आणखी दाबले जातात. कोरड्या, चांगल्या डांबरावर हिशोब केला तर पुढच्या चाकांच्या अशा गाडीला निघताना सुमारे ०.४ जी पर्यंत जाता येतं आणि मागच्या चाकांच्या गाडीला ०.५५ च्या आसपास. क्रेटाचे ७.९ सेकंद म्हणजे सरासरी ०.३६ जी. ती तिच्या पुढच्या टायरच्या मर्यादेजवळ पोचलेलीच आहे. बीई ६ चे ६.७ सेकंद म्हणजे सरासरी ०.४२, आणि तिच्याकडे अजून जागा आहे. शिवाय तिचे टायर २४५ मिलिमीटर रुंद आहेत, क्रेटाचे २१५.

पाऊस पडला की हे सगळं खाली येतं. ओल्या रस्त्यावर पकड अर्ध्यापेक्षा थोडीच जास्त उरली असं धरलं तर पुढच्या चाकांच्या गाडीला ०.२५ जी मिळतात, मागच्या चाकांच्या गाडीला ०.२८. आता मोटर १२६ किलोवॅटची असो की २१०, निघताना दोघींनाही टायर देईल तेवढंच मिळणार. जूनच्या पहिल्या पावसात, रस्त्यावरचं तेल आणि रबराची पूड वर आलेली असताना, यापेक्षाही कमी.

गेल्या जूनमधली एक सकाळ सांगतो. घाटकोपरला पुलाखाली सिग्नलला उभा होतो, गाडी एका गिऱ्हाइकाची, पुढची चाकं फिरवणारी इलेक्ट्रिक. रस्त्याच्या कामासाठी लोखंडी पत्रे टाकलेले होते, त्यावर पाण्याचा पातळ थर. सिग्नल सुटला, मागून हॉर्न सुरू झाले, मी जरा सवयीपेक्षा जास्त पेडल दिलं. डावं पुढचं चाक पत्र्यावर होतं, उजवं डांबरावर. डावं चाक जागच्या जागी फिरलं, डॅशबोर्डवर पिवळा दिवा लुकलुकला, स्टिअरिंग हातात डावीकडे ओढलं गेलं आणि त्याच क्षणी पॉवर कमी झाली. गाडी जेमतेम हातभर सरकली असेल, पण डावीकडे रिक्षा होती. ट्रॅक्शन कंट्रोलने वाचवलं. इंजिनाच्या गाडीपेक्षा इलेक्ट्रिकमध्ये हे काम कितीतरी जलद होतं, कारण मोटरचा टॉर्क काही मिलिसेकंदांत कमी करता येतो. पण दिवा लुकलुकला याचा अर्थ टायरची पकड संपली होती, कितीही हुशार सॉफ्टवेअर असलं तरी.

मागच्या चाकांच्या गाडीत हाच प्रसंग वेगळा होतो. स्टिअरिंग ओढलं जात नाही, ही मोठी सोय. पण वळणावर, ओल्या रस्त्यावर, पेडल झटकन सोडलं आणि रीजन (पेडल सोडल्यावर मोटरच गाडी आवरते आणि ती ऊर्जा बॅटरीत परत भरते, ते) सगळ्यात वरच्या पातळीवर असेल, तर मागच्याच चाकांना अचानक ब्रेक लागल्यासारखं होतं. स्टॅबिलिटी कंट्रोल सांभाळून घेतं. तरी पहिल्या पावसाच्या आठवड्यात दोन्ही गाड्यांमध्ये रीजन एक-दोन पायऱ्या खाली ठेवा, बीई ६ मध्ये तर नक्कीच. क्रेटात ते स्टिअरिंगमागच्या पॅडलने होतं.

याच विषयातली एक तक्रार माझ्याकडे वारंवार येते: पुढचे टायर लवकर गेले. गाडी लिफ्टवर घेतली की अंगठा टायरच्या कडेवरून आधी एका दिशेने फिरवून बघतो, मग उलट्या. एकीकडून गुळगुळीत आणि उलटीकडून करवतीसारखं लागलं आणि चाकांचं अलाइनमेंट ठीक असेल, तर बहुधा रोज सिग्नलवरून उडी मारली जाते. पुढची चाकं ओढतात, वळतात, रीजनमध्ये थांबवतातही. हे तिन्ही एकाच जोडीवर पडतं. क्रेटा घेतलीत तर दर ८,००० ते १०,००० किलोमीटरला टायर पुढचे मागे, मागचे पुढे करून घ्या. खर्च किरकोळ आहे.

बॅटरीकडे येतो. पॉवर म्हणजे व्होल्टेज गुणिले करंट. बॅटरी उतरत गेली की व्होल्टेज कमी होतं, आतला विरोध वाढतो, आणि एका पातळीखाली गाडीच मोटरला आवर घालते. बीई ६ च्या सेल एलएफपी, म्हणजे लिथियम-आयर्न-फॉस्फेट प्रकारच्या आहेत. त्यांचं व्होल्टेज मधल्या मोठ्या पट्ट्यात जवळजवळ सपाट राहतं आणि अगदी शेवटी पटकन पडतं. क्रेटाच्या सेल निकेल-मँगनीज-कोबाल्टच्या. त्यांचं व्होल्टेज हळूहळू उतरत जातं. चालवताना याचा फरक बारीक असतो. पण टेस्ट ड्राइव्हला एक गाडी ९० टक्के आणि दुसरी १८ टक्के चार्जवर असेल तर पिकअपची तुलना सोडून द्या. दिवसभर सात-आठ गिऱ्हाइकांनी चालवलेली शोरूमची गाडी संध्याकाळी बहुतेक वेळा अशीच उतरलेली असते.

बॅटरी रिकामी होईल या भीतीने पिकअप वापरायला लोक कचरतात, म्हणून हेही सांगतो. २.१ टनांची गाडी शून्यावरून शंभरला न्यायला सव्वादोन-दशांश युनिट ऊर्जा लागते, पाव युनिटसुद्धा नाही. त्यातला काही भाग थांबताना परत येतो. खरी खाणारी गोष्ट म्हणजे सतत ११०-१२० ने जाणं, कारण हवेशी झगडायला लागणारी पॉवर वेगाच्या घनाने वाढते.

इंटरनेटवरच्या आकड्यांबद्दलही जरा सावध राहा. अमेरिकन चाचण्या शून्य ते ६० मैलांच्या असतात, म्हणजे ९६.६ किलोमीटरपर्यंतच. शिवाय पहिला एक फूट गाडी सरकेपर्यंत घड्याळ सुरू न करण्याची तिथे पद्धत आहे. तेवढ्यानेच दोन ते तीन दशांश सेकंद वाचतात. परदेशी व्हिडिओतला आकडा आणि आपल्या ब्रोशरमधला आकडा शेजारी ठेवून निष्कर्ष काढू नका.

आता चिपळूण. इथे माझं मत बदलतं, आणि तुमच्या निर्णयाला याचंच वजन जास्त असावं असं मला वाटतं.

मुंबई-गोवा महामार्ग बराच चौपदरी झाला आहे, कशेडीच्या बोगद्यामुळे तो घाटही टळतो. पण जिथे दुपदरी तुकडे आणि वळवलेले रस्ते आहेत, तिथे ६० ने चाललेल्या ट्रकमागून बाहेर पडून ८० ला पोचायचं असतं. वरच्याच हिशोबाने क्रेटाला हे करायला १.६ सेकंद लागतात आणि बीई ६ ला १.२. ०.४ सेकंद म्हणजे ८० च्या वेगाला ९ मीटर. समोरून येणाराही ८० ने येत असेल तर मधलं अंतर १८ मीटरने बदलतं. गणपतीला, रात्री, पावसात, आई मागे बसलेल्या असताना ते १८ मीटर मला हवे असतात. पण हेही लक्षात घ्या, की तुमच्या आत्ताच्या पेट्रोल गाडीला ओव्हरटेकसाठी आधी गिअर खाली घ्यावा लागतो. क्रेटाला तो लागत नाही, पाय दाबला की ती निघते. म्हणजे आजच्यापेक्षा तुम्ही दोन्हीकडे पुढेच जाणार आहात; बीई ६ त्याच्याही पुढे आहे एवढंच. उरलेली पॉवर ही हौसेची गोष्ट आहे असं समजू नका. ओव्हरटेक अर्ध्यावर चुकतोय असं कळतं तेव्हा तीच उपयोगी पडते. मात्र अशा वेळी परत ट्रकच्या मागे येणं हेच पहिलं उत्तर असतं, हे मी रोज शिकाऊ मुलांना सांगतो.

पुण्याकडे जाणं झालं तर एक गोष्ट लक्षात ठेवा. बोरघाट चढायला, म्हणजे साधारण साडेपाचशे मीटर वर जायला, बीई ६ ला सुमारे तीन युनिट लागतात आणि क्रेटाला अडीच. उतरताना त्यातलं बरंचसं परत येतं, पण बॅटरीत जागा असेल तरच. लोणावळ्याला १०० टक्के चार्ज करून घाट उतरायला लागलात तर रीजन जवळजवळ काम करणार नाही आणि सगळा भार साध्या ब्रेकवर येईल. ८० ते ८५ टक्क्यांवर चार्जर काढा.

आणि आई. गाडी लागण्याचा संबंध वेगाशी कमी आणि पिकअपच्या चढउताराशी जास्त असतो. ज्या झटक्याने तुम्हाला क्रेटा चपळ वाटली, तोच झटका मागच्या सीटवर पोटात जातो. सिंगल पेडलवर, म्हणजे एकाच पेडलने वेग वाढवत आणि कमी करत, नवीन माणूस गाडी चालवतो तेव्हा पाय सतत थोडा सुटतो, थोडा दाबला जातो, आणि मागे बसलेल्याची मान होडीत बसल्यासारखी हलते. चालवणाऱ्याला हे कळत नाही, कारण पुढे काय होणार ते त्याच्या पायाला आधीच माहीत असतं. दोन्ही गाड्यांमध्ये सगळ्यात मवाळ मोड आणि सगळ्यात कमी रीजन ठेवून बघा. माझ्या घरी सासूबाईंना इलेक्ट्रिकमध्ये पनवेलच्या पुढे जाता येत नव्हतं. रीजन खाली आणल्यावर त्या महाडपर्यंत झोपून आल्या.

तर माझं मत. निव्वळ परफॉर्मन्सचा प्रश्न असेल तर बीई ६ वरचढ आहे आणि त्यात वादाला जागा नाही. तुमचं नव्वद टक्के चालणं बोरिवली ते बीकेसी असेल आणि सोसायटीचा पार्किंगचा रॅम्प अरुंद असेल, तर तो वरचढपणा तुम्हाला महिनोन्महिने भेटणार नाही. क्रेटा घ्या आणि मनात रुखरुख ठेवू नका. चिपळूणच्या फेऱ्या वाढणार असतील, रात्रीचा प्रवास असेल, तर बीई ६. अट एकच: घरातला जो सगळ्यात कमी गाडी चालवतो त्यालाही तिची रुंदी पेलली पाहिजे. ५९ किलोवॅट-तासाची बीई ६ सुद्धा डोळ्यांसमोर ठेवा. तिची मोटर १७० किलोवॅटची आहे, पण टॉर्क तोच ३८० न्यूटन-मीटर, म्हणजे शहरातल्या वेगाला फरक कळायला जड जाईल.

पैसे भरण्याआधी दोन्ही गाड्या पुन्हा एकदा मागा, रविवारी सकाळी सातला. फोन करून आधीच सांगा की चार्ज ६० ते ८० टक्क्यांच्या मध्ये हवा. दोन्हींमध्ये तीच माणसं बसवा, दोन्ही आधी मधल्या मोडमध्ये चालवा आणि मग सगळ्यात जलद मोडमध्ये. शून्यावरून निघून बघू नका. रस्ता मोकळा आहे याची खात्री करून ३० वरून ७० ला जा, तीन वेळा. वेस्टर्न एक्स्प्रेसवर दहिसरच्या बाजूला त्या वेळी ते जमतं. तिथल्या पाट्यांवरची वेगमर्यादा पाळून करा. शेजारच्याने फोनवर स्पीडोमीटरचा व्हिडिओ घ्यावा, घरी बसून सेकंद मोजता येतात. कोस्टल रोडने जाणार असाल तर बोगद्यात ६० ची मर्यादा आहे आणि तिथे जीपीएसही मिळत नाही, त्यामुळे मोजमापाला ती जागा सोडा. परत येताना गाडी तुमच्या मिसेसकडे द्या आणि तुम्ही आईंच्या शेजारी मागे बसा, किमान वीस मिनिटं.